मांडीवरचं दही आणि दत्तूचे शॉकअप

या गं बायांनो, अशा जवळ या. उंबऱ्यात उभं राहून ऐकायचं हे नाही. आणि आधी माझी बोलणी खा. मी इंदापूरला लेकीकडं जाऊन आले, तर तुम्ही विचारलंत काय? विहिणीनं लुगडं कसलं दिलं, जेवायला काय होतं, पोरीचं पोट पुढं आलंय का पसरट आहे. गेले कशी, आले कशी, हे एकीनंही विचारलं नाही. जशी काही मी वावटळीवर बसून गेले! तुमच्याही घरी मोटारसायकली आहेत. तुम्हीही मागं एका अंगाला पाय सोडून बसता, उतरताना कंबर धरता, आणि कुणी विचारलं की "बरं झालं" म्हणता. इथंच चुकतं तुमचं. म्हणून लिहायला बसले. राग अजून उतरलेला नाही, तेव्हा एखादा शब्द वाकडा पडला तर पडू द्या.

पिंपळी

माझी मंगल इंदापूरला दिलेली. पहिलटकरीण. सातवा सरत आला होता, आणि आमच्यात आठवा लागला की पोटुशीला गाव बदलू देत नाहीत. म्हणजे आणायची तर त्याच आठवड्यात, नाहीतर बाळंतपण सासरी. पहिलं बाळंतपण सासरी करायला लावलं, हे मी मरेपर्यंत ऐकलं असतं, आणि मरून वर गेल्यावर माझ्या सासूनंही ऐकवलं असतं.

मी म्हटलं एसटीनं आणू. तर माझा दत्तू, मंगलचा थोरला भाऊ, म्हणतो, "दारात गाडी असताना बहिणीला एसटीत कोंबू व्हय? लोक थुंकतील. आये, मी नवं शॉकअप बसवल्यात. पोटातल्या पाण्याचा थेंब हालायचा न्हाय."

शॉकअप म्हणजे मोटारसायकलच्या मागच्या चाकाशी दोन्ही अंगांना जे दांडके असतात ना, स्प्रिंगचे, ते. गाडीबरोबर आलेले जुने काढून त्यानं माळ्यावर टाकले आणि हे पिवळेजर्द घातले. स्प्रिंग अशी, माझ्या मनगटाएवढी जाड, आणि तिच्या पोटात आणखी एक. गाडीचा पार्श्वभाग वीतभर वर आला होता, शेपटी उचललेल्या विंचवासारखा. त्यानं सीटवर दोन्ही हातांनी दाबून दाखवलं.

"बघ आये, दबतच न्हाय!"

"दबत न्हाय तर मग स्प्रिंग कशाला पायजे? लाकडाचा ओंडका ठोकायचा."

"तुला त्यातलं कळत न्हाय."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

आणि हे शॉकअप आले कशातून? परसात मी एक बोकड वाढवत होते. मंगल बाळंत झाली की तिला रस्सा, पाय, सगळं त्या बोकडाचं करायचं होतं. मी तण काढायला रानात गेलेली बघून यानं तो बाजारात नेला. बहिणीच्या पथ्याचा बोकड विकून बहिणीच्या आरामाचे शॉकअप! वर तोंड करून सांगतो, "तिच्यासाठीच केलं की." मी त्या दिवशी भाकरी थापली नाही. सगळ्यांनी कालवण नुसतंच प्यालं.

आता तुम्हाला दह्याचं सांगते. आमचे लोक पूर्वी मेंढरांमागं फिरत. माझ्या आईचं अर्धं आयुष्य वाटेवर गेलं. बिऱ्हाड सगळं घोड्यावर, माणसं पायी. एखादी पोटुशी चालून दमली तर तिला घोड्यावर बसवायचे, पण आधी म्हाताऱ्या बाया त्या घोड्यावर घट्ट विरजलेल्या दह्याचं गाडगं बांधायच्या आणि पुढच्या मुक्कामापर्यंत चालवायच्या. दही जसंच्या तसं राहिलं तर बाई बसायची. फुटलं, पाणी सुटलं, तर ते घोडं बाईला नाही. मग कितीही देखणं असो. त्या म्हाताऱ्यांना कुणी "तुला त्यातलं कळत न्हाय" म्हटलं नाही.

जाताना गाडीवर मागं मी, येताना मंगल आणि मी एसटीनं, असं ठरलं. मी रात्री म्हशीच्या दुधाला विरजण लावलं. सकाळी दही असं लागलं होतं की गाडगं तिरपं केलं तरी हलत नव्हतं. तोंडाला फडकं बांधलं, मांडीवर घेतलं आणि बसले.

"हे काय आये? इहीणबाईकडं दही न्हाय व्हय?"

"हे खायाचं न्हाय. तू गाडी चालव."

भिगवण

पिंपळीहून इंदापूरला सरळ रस्ता आहे. पण दत्तूनं मला उलट्या अंगाला, बारामती गावातून भिगवणला नेलं. म्हणे हायवेवर गाडीची चाल कळेल. शिवाय मंगलला डोहाळे लागले होते भिगवणच्या तळलेल्या माशाचे, तसा तिचा सांगावा होता. माशासाठी मी गप्प बसले.

कारखाने चालू होते. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्याला अशा चाकोऱ्या पाडलेल्या की गाडीनं त्यांतून जायचं का त्यांच्यावरून, हे गाडीलाच कळत नव्हतं. आणि आमचा दत्तू! पूर्वी खड्डा आला की ब्रेक मारायचा, वळसा घ्यायचा. शॉकअप बसल्यापासून त्यानं ब्रेकच सोडला. खड्डा दिसला की उलट मुठीला आणखी पीळ द्यायचा, वेग वाढवायचा. "आता बघ आये, कळतं का?" कळतं का म्हणजे! चाक खड्ड्यात गेलं की सीट मला वर फेकायची, आणि मी खाली येईपर्यंत सीट पुन्हा वर आलेली. मधल्या मधी माझं माकडहाड. याचे पाय दोन्हीकडं टेकलेले, हातात हँडल, गुडघ्यांत टाकी. माझे दोन्ही पाय एका पट्टीवर, एक हात गाडग्याला, एक याच्या सदऱ्याला. पुढं बसणाऱ्याची गाडी वेगळी असते बायांनो, आणि मागं बसणारीची वेगळी.

भिगवणला धरणाचं पाणी पसरलेलं, थंडीतली लांब पायाची गुलाबी पाखरं लांब उथळात उभी. लोक ती बघायला दुरून येतात. मी पाठ चोळत उभी होते, मला पाखरं कसली दिसतायत. खानावळीत मरळ मासा तळायला सांगितला, मंगलला बांधून न्यायला आणि आम्हाला दोन तुकडे. तुकडे हळदमिठात, तिखटात घोळलेले, तेलात टाकले की वास पार रेल्वे स्टेशनपर्यंत जावा. आम्ही घरी मासा केला तर चिंचेचं कालवण करतो. इथं कोरडा, कुरकुरीत, वर नुसता कांदा. एक तुकडा खाल्ला आणि घटकाभर राग विसरले. पण घटकाभरच.

खानावळीच्या शेजारीच रशीद मिस्त्रीचं दुकान. शॉकअप त्यानंच बसवलेले. दारात मासळीवाल्यांच्या मोटारसायकली उभ्या होत्या, मागं बर्फ भरलेल्या पेट्या बांधलेल्या, आणि एकूणएक गाडीला तीच पिवळी स्प्रिंग. मी गाडगं घेऊनच पुढं झाले.

"मिस्त्री, हे पिवळं तुमीच घातलं का माझ्या पोराच्या गाडीला?"

"व्हय मावशी. का? काय तरास?"

"तरास कुणाला असणार? पुढं बसणाऱ्याला काय बी न्हाय. हितं बघा." मी फडकं सोडून दाखवलं. दह्याला मधोमध चीर गेली होती आणि कडेनं पाणी सुटलं होतं.

रशीद मिस्त्रीनं दह्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग दत्तूकडं. "दत्तूराव, तुमी तर म्हणला मागं लई वजन असतंय."

"असतंय की," दत्तू म्हणाला.

"कशाचं?"

दत्तूनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मान फिरवली. माझ्या टाळक्यात आता उजेड पडला. "लई वजन म्हंजे मी? आरं मुडद्या, माझ्या हाडाला मास न्हाय आन् मी लई वजन?"

मासळीवाले हसायला लागले. एक जण पेटीवर हात ठेवून म्हणाला, "मावशी, ह्या स्प्रिंगा आमच्या. पेटी लादली की गाडी खाली बसायची, टायर मडगार्डला घासायचा. हे घातल्यापासून घासत न्हाय. आमी मिस्त्रीच्या नावानं दिवा लावतो."

"आन् पेटी उतरवून रिकामी गाडी घरी नेता तवा?"

"तवा मग..." तो ओशाळला. "तवा उभ्यानंच चालवतो."

घ्या! हे ऐकलं तुम्ही? ज्यांच्यासाठी बनवलंय ते रिकाम्या गाडीवर बूड टेकत नाहीत, आणि आमचे चिरंजीव त्याच्यावर सात महिन्यांची पोटुशी बहीण बसवणार होते. का, तर मासळीवाल्यांच्या गाड्यांना पिवळं चकाकतं आणि गाडी मागून उंच दिसते. माझी आई म्हणायची, रिकामं घोडं लाथ मारतं. ओझं असलं की तेच शहाण्यासारखं चालतं. मासळीवाल्यांचे शॉकअप वाईट नाहीत. ओझ्याचे आहेत. मी ओझं नाही, हे मात्र माझ्या पोराला पटवायला भिगवणपर्यंत यावं लागलं.

"जुनं घाला," मी म्हटलं.

"जुनं घरी माळ्यावर हायती," दत्तू पुटपुटला.

मग रशीद मिस्त्रीनं पान्हा लावून स्प्रिंगांच्या खालच्या चकत्या फिरवल्या, होता होईल तेवढ्या ढिल्या केल्या. चाकात हवाही ठोकून भरलेली, ती थोडी सोडली. "याच्यापेक्षा मऊ व्हायचं न्हाय मावशी. हळू न्या."

दत्तू पुन्हा फुलला. "आता कापसावर बसल्यागत वाटंल बघ."

डाळज

डाळजच्या पुढं रस्त्याला एक खळगा होता. कापूस तिथं संपला.

गाडी उडाली, मी उडाले, गाडगं उडालं. गाडगं मी झेललं, मला कुणी झेललं नाही. सीटच्या मागच्या दांडीवर आपटले ते डोळ्यांपुढं काजवे. मी त्याच्या पाठीत बुक्की घातली. "थांबव! थांबव म्हणते ना!"

उतरले आणि चालायला लागले. दत्तू गाडी ढकलत मागून, "आये, असं काय करती? लोक बघत्यात!" बघू देत. लोकांनी बघितलं म्हणून माझं माकडहाड जागेवर येणार होतं का?

पुढं उसाच्या वाढ्याची, म्हणजे हिरव्या शेंड्यांची, बैलगाडी चालली होती. गाडीवानाचा पटका माझ्या वडिलांसारखा पांढरा. त्यांनी कासरा ओढला.

"काय गं बाई, पोराची गाडी मोडली का?"

"गाडी धड हाय तात्या. मीच मोडले."

"बस मग वर. लोणी गावापर्यंत जातोय."

हिरव्यागार वाढ्यावर मी पाय पसरून बसले. बैलगाडीला कसले शॉकअप आणि कसलं काय, लाकडी चाक आणि लोखंडी धाव. तरी मला झोप यायला लागली. तात्या म्हणाले, "बैल खड्डा बघून पाय टाकतोय. तुझा पोरगा बघून टाकत न्हाय काय?"

"त्यानं नवं शॉकअप बसवल्यात तात्या. आता बघायची गरज न्हाय म्हणतोय."

तात्या इतके हसले की बैल थांबले.

आणि मागं दत्तू, पहिल्या गिअरमध्ये, गुरगुरत, हॉर्न वाजवत, बैलगाडीच्या मागं. मी वळून बघत नव्हते. लोणीला उतरून पुन्हा त्याच गाडीवर बसले, कारण इलाज नव्हता. पण तिथून इंदापूरपर्यंत त्यानं प्रत्येक खड्ड्याला वळसा घातला.

इंदापूर

विहीणबाई दारातच होत्या. पायावर पाणी घातलं, गाडगं हातातून घेतलं, फडकं सोडलं आणि म्हणाल्या, "आगं बया, ताक आणलं व्हय इहीणबाई? वर लोणी बी आलंय."

खरंच आलं होतं. कडेनं पांढरे कण तरंगत होते. घरी घुसळायला मला सकाळ लागते, ते दत्तूच्या शॉकअपनी वाटेत करून दिलं.

मी दह्याचं सगळं सांगितलं. जावईबापू सुभाषराव मान खाली घालून ऐकत होते. विहीणबाई बाई वाईट नाही, पण नियमाची पक्की. "उद्याचा दिवस शेवटचा. परवा आठवा लागतोय. न्यायची तर उद्या न्या, न्हायतर मी काय तिला उपाशी ठेवणार न्हाय. होऊ दे हितंच."

दत्तू म्हणाला, "उद्या सीटवर गोधडीची घडी घालू."

सुभाषराव म्हणाले, "हळू चालवली तर जमंल की."

मी म्हणाले, "माझ्या मढ्यावरनं जा."

विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या येळंला आमी बैलगाडीतनं गेलो, काय झालं न्हाय."

असं चौघांचं चाललं होतं आणि मंगल भिंतीला टेकून मरळ खात होती. एकेक काटा वेगळा काढून ताटाच्या कडेला नीट मांडत होती. सगळा मासा संपल्यावर हात चाटत म्हणाली, "पोट माझं हाय. मला कुणी इचारलं का?"

 मीही विचारलं नव्हतं. ती उठली, माझं गाडगं धुतलं आणि आत गेली.

सकाळी दत्तूनं सीटवर गोधडी बांधली. विहिणीनं ओटी भरली. मी पदर खोचून भांडायला तयारच होते, तेवढ्यात मंगल बाहेर आली. हातात तेच गाडगं. रात्री तिनं त्यात दही लावलं होतं. घट्ट, वर साय आलेली.

"दादा, तू मागं बस," ती म्हणाली.

"मी? कशाला?"

"बस तर. असा न्हाय, बाईगत. एका अंगाला, दोन्ही पाय पट्टीवर. हे गाडगं मांडीवर घे. गाडी हे चालवतील, तू काल चालवलीस तशी. एसटी स्टँडपातूर जाऊन या. दही राहिलं तर मी ह्याच गाडीवर येते. शबूद देते."

 एसटी स्टँड काही लांब नव्हतं. एवढ्याशा वाटेत दही राहिलं असतं तर? मी तिला कोपऱ्यात ओढलं. "येडी का खुळी तू? कशाला शबूद दिलास?"

"आये, तू गप ऱ्हा. तू कालपासनं लई बोललीस."

माझी लेक शोभते खरी.

दत्तूला एका अंगाला बसता येईना. गोधडीवरून घसरायचा, पाय लोंबकळायचे. शेजारच्या बाया कठड्याला आल्या. एकीनं ओरडून सांगितलं, "पदर सांभाळा हो दत्तूराव, चाकात जाईल!" सुभाषरावांनी किक मारली. जावई माझा गरीब, पण बायकोनं "काल चालवली तशी" म्हटलेलं त्यानं बरोबर ऐकलं होतं. गल्लीच्या तोंडाशी गटारावरचा उंचवटा आहे, तिथं त्यानं ब्रेक मारला नाही. दत्तूचा "आयव!" आम्हाला दारात ऐकू आला.

ते परत येईपर्यंत मी तुळशीपाशी उभी होते. हात जोडले नव्हते, मुठी वळल्या होत्या.

गाडी आली. दत्तूच्या सदऱ्यावर दही, विजारीवर दही, मिशीला दही. गाडगं मात्र त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. उतरला, कंबरेवर हात ठेवला, आणि वाकूनच उभा राहिला. मी आत बघितलं. फुटकं पांढरं पाणी.

सगळ्या गल्लीला वाटलं आता हा काहीतरी बोलणार. तो मंगलच्या हातात गाडगं देऊन एवढंच म्हणाला, "एसटी कवा हाय?"

परत पिंपळीला

एसटीत आम्हाला पुढची बाकं मिळाली, ड्रायव्हरच्या मागची. मागच्या बाकावर पोटुशीला कधी बसवू नका, तिथंही उडतंच. ड्रायव्हरला मी चढतानाच सांगितलं, लेक भरल्या पोटाची आहे. त्यानं वळून एकदा बघितलं आणि पार पिंपळीपर्यंत खड्ड्यांना वळसे घालत गाडी आणली. ना पिवळी स्प्रिंग, ना काही. मंगल माझ्या खांद्यावर झोपली. मी खिडकीतून बघत होते. दत्तू मोटारसायकलवर मागनं येत होता, मंगलची ट्रंक मागं बांधून, आणि चालवत होता उभ्यानं.

घरी आल्यावर त्यानं कुणी न सांगता माळ्यावरचे जुने शॉकअप उतरवले. त्यांचे रबरी तुकडे झिजले होते तेवढे बदलले. झालं, बस्स. तेवढंच तर करायचं होतं आधी! पिवळे त्यानं भिगवणच्या मासळीवाल्याला दिले आणि येताना एक करडू घेऊन आला. आधीच्या बोकडाच्या निम्मंही नाही. ते बघून मला पुन्हा राग आला. मंगल हसायला लागली, म्हणाली, "आये, माझं दिवस भरंपातूर मोठं होईल की गं." कसलं मोठं होतंय. पण मंगल रोज हातानं पाला चारते त्याला.

तुमच्या घरच्या पुरुषांना शॉकअप बदलायचे डोहाळे लागले तर आधी विचारा, मागं काय वाहणार? पेटी, पोतं, दुधाच्या किटल्या असतील तर खुशाल बसवा म्हणावं. माणूस बसणार असेल तर जुनेच दुरुस्त करा आणि ब्रेकला पाय लावा. आणि दुकानात हातानं सीट दाबून काही कळत नाही. मागं एका अंगाला बसून कळतं. "तुला त्यातलं कळत न्हाय" असं कुणी म्हणालं तर त्याला गाडगं द्या मांडीवर.

मंगलचे दिवस आता भरत आलेत. तेव्हा उशीर करू नका, या लवकर पिंपळीला, तिला चार शब्द बोलायला, आणि मग बारशालाही थांबा. एसटीनं या. कुणी गाडीवर आणतो म्हणालाच तर दह्याचं गाडगं घेऊन बसा. दही राहिलं तर त्याला जेवायला बसवीन. फुटलं तर तुम्हाला ताक, आणि तो परत जाईल चालत.